नोंदवहीतलं ‘पात्र जोडपं’

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले गावाहून राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं एक घर. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कालनिर्णय टांगलेलं. त्याच्या ऑक्टोबरच्या पानावर दोन प्रकारच्या खुणा आहेत. निळ्या पेनाचा गोल म्हणजे त्या दिवशी डेअरीला दूध घातलं नाही. लाल पेनाची फुली म्हणजे पोटात घ्यायचं इंजेक्शन. सलग अकरा फुल्या. त्यानंतर एका तारखेला चौकोन, त्यात ‘रात्री १०.३०’. पुढे दोन तारखांवर फक्त ‘नाशिक’. मग जवळजवळ दोन आठवडे लाल पेन कुठेच नाही. दिवाळी याच कोऱ्या दिवसांत येऊन गेली. आणि महिन्याच्या शेवटच्या तारखेवर आडवी रेघ. पेन इतकं दाबलंय की तिथे कागद फाटलाय.

“बीटा निगेटिव्ह आला त्या दिवशी,” घरच्या ताई म्हणाल्या आणि पान उलटून नोव्हेंबर वर घेतला. बीटा म्हणजे गर्भ राहिला का, हे सांगणारी रक्ततपासणी.

जागतिक आरोग्य संघटनेने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी वंध्यत्वाविषयीची आपली पहिली जागतिक मार्गदर्शिका जाहीर केली. जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीतून जावं लागतं, हा आकडा त्यानिमित्ताने सगळीकडे छापून आला. मार्गदर्शिकेत ४० शिफारशी आहेत. कोणत्या तपासण्या आधी कराव्यात, साध्या उपायांवरून महागड्या उपायांकडे कोणत्या पायऱ्यांनी जावं, तंबाखू का सोडावी, हे सगळं त्यात आहे. पण मला त्यातलं एकच सांगणं घेऊन अकोल्यात यावंसं वाटलं: या जोडप्यांना उपचाराबरोबर सतत मानसिक आधार मिळाला पाहिजे. हा आधार आपल्याकडे नेमका कोण देतं? ताईंच्या लग्नाला आठ वर्षं झाली. दोन आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळासाठीचे दोन प्रयत्न, झाले. या आठ वर्षांत “तुम्ही कशा आहात?” असं त्यांना किती जणांनी विचारलं असेल?

विचारायला सरकारी माणूस येतो, पण वेगळंच. उपकेंद्रात एक नोंदवही असते, ‘पात्र जोडप्यांची’. प्रजननक्षम वयातली सगळी विवाहित जोडपी त्यात लिहिलेली असतात. ही नोंदवही कुटुंब नियोजनासाठी असते. त्यामुळे मुलं किती, शेवटचं केवढं, कोणतं साधन वापरता, असे प्रश्न ठरलेले. “आशाताई दरवर्षी येतात. गावचीच मुलगी आहे, तिला माहितीये सगळं. रकान्यापाशी आली की खाली बघते,” ताई सांगतात. दिवस गेले की त्याच बाईसाठी यंत्रणा धावते. नाव नोंदतात, लोहाच्या गोळ्या, लस, सोनोग्राफी, बाळंतपणाला गाडी, सगळं मिळतं. पण दिवसच जात नाहीत म्हणून झुरणाऱ्या बाईसाठी ही धावाधाव होत नाही. ज्या राज्यात २०१९-२१ च्या पाहणीनुसार एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं जन्मत होती, तिथे मूल न होणं हाही आरोग्याचाच प्रश्न आहे, हे उपकेंद्रापर्यंत अजून पोचलेलं नाही.

मग आधार कोण देतं? नातेवाईक देतात, आणि तो एका वाक्याचा असतो: “टेन्शन घेऊ नको, आपोआप राहील.” हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की त्याविषयी जरा सविस्तर लिहायलाच हवं.

कार्डिफ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी बॉयव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात ३,५८३ स्त्रियांची माहिती होती. उपचार सुरू होण्याआधी कुणाच्या मनात किती चिंता, किती उदासी होती, याचा त्या सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या त्या फेरीत, गर्भ राहण्याशी किंवा न राहण्याशी संबंध आढळला नाही. रडत गेलेल्या बाईचा गर्भ रडण्यामुळे निसटला नाही आणि हसत गेलेलीचा हसण्यामुळे टिकला नाही. माझ्या मते वंध्यत्वाच्या मानसशास्त्रातलं हे सगळ्यांत दयाळू संशोधन आहे आणि ते मराठीत घरोघरी पोचायला हवं. कारण “टेन्शन घेऊ नको” या सल्ल्याच्या पोटात एक आरोप दडलेला असतो. मूल राहिलं नाही, म्हणजे तू टेन्शन घेतलंस. आधीच जिच्या पोटावर सुयांचे निळे डाग आहेत, तिच्यावर मन ताब्यात न ठेवल्याचा गुन्हाही लादला जातो.

दुःख मात्र खरं असतं, आणि केवढं असतं? अमेरिकेतल्या ॲलिस डोमार यांनी १९९३ मध्ये वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांची इतर आजारांच्या रुग्णांशी तुलना केली. या स्त्रियांची चिंता आणि नैराश्य कर्करोगाच्या रुग्णांच्या तोडीचं निघालं. कर्करोग झालेल्या माणसाला भेटायला लोक फळं घेऊन जातात. ताई दर डोहाळजेवणाला स्वतःहून पुऱ्या तळायला बसतात. “चुलीपाशी असलं की ओटी भरायला कुणी हाक मारत नाही, आणि का मारली नाही असंही कुणाला वाटत नाही,” त्या म्हणतात.

आता उपचाराविषयी. रोजच्या इंजेक्शनांनी अंडाशयात एकाऐवजी अनेक अंडी वाढवतात, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करून ती मोजतात. मग एक शेवटचं इंजेक्शन ठरलेल्या घटकेला द्यावं लागतं. त्यानंतर साधारण ३६ तासांनी अंडी बाहेर काढतात. हे इंजेक्शन उशिरा घेतलं तर पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. शहरात हे सोपं आहे. इथे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि वीज रोजच्या रोज जाणार. ताईंनी बर्फाच्या पिशव्या भरलेला लाल थर्मास दाखवला. तो मांडीवर घेऊन त्यांनी संगमनेर आणि तिथून नाशिक अशा फेऱ्या केल्यात. “शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, आईस्क्रीम आहे का? मी हो म्हटलं.”

पहिली सायकल करण्याआधी ताईंच्या नळ्यांचा एक्स-रे झाला, दुर्बीण झाली. नवऱ्याची वीर्यतपासणी झाली ती लग्नानंतर साडेचार वर्षांनी. खरं तर काही शे रुपयांत होणारी ही तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी, कारण जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडे किंवा दोघांकडे असतं. आणखी एक गोष्ट डोंगराळ तालुक्यांत पुन्हा पुन्हा सांगावी लागते. क्षयरोग नेहमी फुप्फुसातच बसत नाही. तो गर्भनलिकांत शिरला तर खोकला-ताप न दाखवता नळ्या बंद करतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात; संशय वेळेत यायला हवा.

अकोल्यात बसून हे लिहिताना अगस्ती ऋषींना वगळून पुढे जाता येत नाही. प्रवरेच्या काठावर त्यांचं स्थान आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, साखर कारखान्यालाही त्यांचंच नाव आहे. महाभारताच्या वनपर्वातली त्यांची कथा मला या विषयाची कथा वाटते. अगस्तींना एका खड्ड्यात उलटे लटकलेले आपले पूर्वज दिसतात. विचारलं तर म्हणतात, तुला मूल नाही म्हणून आमची ही दशा. तिकडे विदर्भाचा राजाही अपत्यासाठी तप करत असतो. अगस्ती लोपामुद्रेला निर्माण करून त्याच्या घरी वाढायला देतात आणि पुढे तिच्याशीच लग्न करतात. लोकांना एवढंच आठवतं. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. पूर्वजांनी जाब विचारला तो पुरुषाला, लोपामुद्रेला नव्हे. मूल हवं म्हणून अगस्ती तिच्याजवळ जातात तेव्हा ती स्वतःच्या अटी सांगते, माहेरासारखी शय्या आणि अलंकार मागते. त्यासाठी धन मिळवायला ऋषी राजांकडे जातात. राजे आपला जमाखर्च उघडून दाखवतात. जमा आणि खर्च बरोबरीत आहेत, इथून काही काढलं तर प्रजेला त्रास होईल, हे पाहून अगस्ती त्यांच्याकडून काहीच घेत नाहीत. शेवटी ते तिला विचारतात, हजार मुलं हवीत, शंभर, दहा, की हजारांच्या तोडीचं एकच? ती एक मागते. तो गर्भ सात वर्षं पोटात वाढला, असं कथा सांगते. सात वर्षांची वाट पाहणं या मातीला नवं नाही.

पण जमाखर्च बरोबरीत असलेल्या घराला हात न लावण्याचं ते शहाणपण आज कुठे आहे? खासगी केंद्रात एका सायकलला दीड-दोन लाख लागतात. उसाला टनाला तीन हजार धरले तर दीड लाख म्हणजे पन्नास टन उसाचं बिल. ताईंच्या घरी ऊस नाही. नवरा टेम्पो चालवतो. पहिल्या वेळी दागिने गेले, दुसऱ्या वेळी गाय आणि बचत गटाचं कर्ज. दुधाच्या निळ्या खुणा कॅलेंडरवर ऑक्टोबरनंतर का नाहीत, ते मला तेव्हा कळलं.

हे शास्त्र महाराष्ट्रात आलं ते कुठून? परळच्या के. ई. एम. रुग्णालयातून, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यातून. ६ ऑगस्ट १९८६ रोजी तिथे हर्षाचा, देशातलं पहिलं मानल्या गेलेल्या टेस्ट ट्यूब बाळाचा, जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामाचं ते फळ. पुढे आनंद कुमार यांनीच कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या नोंदी तपासल्या आणि १९७८ मध्ये त्यांनी हे आधीच साधलं होतं, असं जाहीर सांगितलं. आपल्या नावावरचा पहिलेपणा दुसऱ्याला परत देणारा शास्त्रज्ञ विरळा. मुखोपाध्यायांनी मात्र अवहेलना सोसून १९८१ मध्येच आयुष्य संपवलं होतं. सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेत ज्याची सुरुवात झाली, ते उपचार आज जवळजवळ पूर्णपणे खासगी आहेत. आयुष्मान भारतच्या वगळलेल्या उपचारांत वंध्यत्व येतं. गोव्याने सप्टेंबर २०२३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत सुरू केले. मुंबईत कामा रुग्णालयाने पाऊल टाकलं. पण राजूरच्या बाईने दर तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीला मुंबई गाठायची कशी? लहान गोवा जे करतो, ते महाराष्ट्राने निदान प्रत्येक विभागाच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात करायलाच हवं.

पैशांपेक्षाही मोठी उणीव ताईंच्या फाइलमध्ये सापडली. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अशा प्रत्येक केंद्राने जोडप्याचं व्यावसायिक समुपदेशन करायचं असतं. यशाची शक्यता किती, खर्च किती, धोके कोणते, आणि मूल दत्तक घेण्याचाही मार्ग आहे, हे सगळं सांगायचं असतं. फाइलमध्ये समुपदेशनाचा छापील कागद होता. सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या, खाली दोघांच्या सह्या. “बारा-पंधरा कागदांवर एकदम सह्या घेतल्या. बाहेर नंबर लागलेले होते,” ताई म्हणाल्या. केंद्राचं नाव मी लिहीत नाही, कारण अशा फाइली मी दुसरीकडेही पाहिल्यात.

शक्यता सांगणं म्हणजे काय? ब्रिटनमध्ये नियामक संस्था हे आकडे प्रसिद्ध करते. २०२२ मध्ये तिथे ३५ वर्षांखालच्या स्त्रियांत गर्भाशयात सोडलेल्या दर शंभर भ्रूणांमागे सुमारे ३५ बाळं जन्मली. ४३-४४ वयात सुमारे ५. म्हणजे तरुण वयातही बहुतेक वेळा पदरी नकार येतो. हे पहिल्या दिवशी, मराठीत, शांतपणे सांगितलं गेलं तर दुसऱ्या सायकलची गाय विकायची की नाही, हे माणसं स्वतः ठरवतील. आणि थांबायचं ठरवलं तर ती हार नाही, हेही तिथेच सांगितलं पाहिजे. जिल्ह्यात स्नेहालय संस्थेचं स्नेहांकुर दत्तक केंद्र वर्षानुवर्षं काम करतंय. ताईंना त्याचं नाव माझ्याकडून पहिल्यांदा कळलं. दत्तकालाही मोठी प्रतीक्षा असते, पण निदान त्या रांगेत उभं राहायचं की नाही हा निर्णय त्यांचा असता.

समुपदेशक केंद्राच्या पगारावर असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचं उत्पन्न पुढच्या सायकलवर ठरतं, त्याने “थांबा” म्हणावं ही अपेक्षा कुणाकडून करायची? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस, एक खोली, एक प्रशिक्षित बाई किंवा पुरुष, आणि जोडप्याला एकत्र बोलावण्याचा नियम. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पात्र जोडप्यांच्या नोंदवहीतून फक्त या जोडप्यांना तिथे पाठवावं लागेल.

मी निघाले तेव्हा ताईंनी नव्या वर्षाचं कालनिर्णय काढून दाखवलं. तिसरी सायकल करायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. जानेवारीत एकदा नुसतं विचारायला जायचं. जानेवारीच्या पानामागे लाल पेनाने तीन प्रश्न लिहिले होते. माझ्या वयात शंभरातल्या किती जणींचं होतं? या वेळी काय वेगळं करणार? नाही केलं तर काय? त्याखाली निळ्या पेनाने, वेगळ्या अक्षरात चौथा होता: माझी तपासणी परत करायची का?