गिल्गमेश शिकवताय? मग वर्गात माती न्या!

गिल्गमेशचं महाकाव्य आपण अनुवादातून वाचतो. मूळ मजकूर मात्र ओल्या मातीच्या पाट्यांवर, बोरूने उमटवलेल्या पाचरीसारख्या खुणांत आहे. महापुराची गोष्ट सांगणारी ११वी पाटी निनेव्हेच्या अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातली, इ.स.पू. ७व्या शतकातली. १८७२ मध्ये अभ्यासक जॉर्ज स्मिथने ती वाचली आणि बायबलमधल्या नोहाच्या कथेशी असलेलं साम्य पाहून लंडनमध्ये खळबळ उडाली. सध्या ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

प्रतिकृती करायची? आधी संगणकावर थ्रीडी मॉडेल करा, त्यावरून उलटा साचा प्रिंट करा, आत कॉर्नफ्लोअर भुरभुरा आणि माती दाबून भरा.

🔸 हिशेब पक्का ठेवा: माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. ती १२ टक्के आक्रसणार असेल आणि भाजलेली पाटी १५ सेंमी हवी असेल, तर १५ भागिले ०.८८, म्हणजे मॉडेल सुमारे १७ सेंमीचं हवं.

🔸 मुद्दाम एक कोपरा तोडा. अनुवादात मध्येच टिंबं का येतात, हे मुलांना तिथेच कळतं: पाटीचा तेवढा टवका उडालेला असतो. मग विचारा, 'इथे काय लिहिलं असेल?' पुढचा तास मुलंच चालवतात!