फोटोतलं बाळ वाढत असतं

दत्तक म्हटलं की आपल्याला बारसं नि पेढे आठवतात. पण इथलं मूल परदेशी आईबापांच्या घरी जायचं, तर मधे केवढा कागदांचा पसारा!

मैत्रिणींनो, ही बंधनं उगाच नाहीत. मुलांचा बाजार होऊ नये म्हणून १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती घातली. आता आधी 'कारा' या केंद्रीय संस्थेचं ना-हरकत पत्र, मग दत्तकाचा हुकूम, मग पासपोर्ट नि व्हिसा. २०१५च्या कायद्याने न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत दिली होती. तरी उशीर होई, म्हणून १ सप्टेंबर २०२२पासून हुकमाचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं.

तिकडे आई फोटो बघून फ्रॉक शिवते. मूल हाती येईतो तो दंडात चढत नाही. इकडे ते बोलायला शिकतं आणि सांभाळणाऱ्या मावशींनाच आई म्हणू लागतं. चौकशी कडक हवीच, पण फाइल टेबलावर नुसती पडून राहिली तर त्यात कसली आलीय चौकशी?

माझ्या मते, त्या आईने खेळण्यांऐवजी आपल्या आवाजातलं गाणं आणि घरच्यांचे फोटो पाठवावेत. मावशींनी ते रोज दाखवावेत. निघताना मुलाची नेहमीची गोधडी मात्र बरोबर द्यावी. धुऊन नको हं, वास ओळखीचा राहू दे!