सहा तारा (लेखांक ६) : जॅझसाठी सॉलिड बॉडी, खिशाला परवडेल अशी

पॉल डेस्मंडचा ‘प्युअर डेस्मंड’ हा अल्बम १९७४ साली ध्वनिमुद्रित झाला. ‘टेक फाइव्ह’ ज्याने बांधलं तोच हा सॅक्सोफोनवादक. या अल्बमवर त्याच्या साथीला कॅनडाचा एड बिकर्ट आहे. त्याच्या कॉर्ड लक्ष देऊन ऐका. मऊ, गोल, भरदार. एकेक सूर वेगळा कळतो आणि तरी सगळे एकजीव वाटतात. ऐकणारा कुणीही सांगेल, ही मोठ्या पोकळ पोटाची आर्चटॉप गिटार असणार. बिकर्टच्या हातात मात्र फेंडरची टेलीकास्टर असायची. लाकडाची सपाट फळी, तिला चार स्क्रूंनी आवळलेली नेक, दोन पिकअप, दोन नॉब. कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने १९५०-५१ मध्ये ती बाजारात आणली तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कंट्री संगीत वाजवणारे होते, जॅझवाले नव्हेत.

मागच्या भागात आपण आर्चटॉप पाहिली आणि तिच्या किमतीही पाहिल्या. त्या वाचून ज्यांनी जॅझचा नाद सोडायचं मनात आणलं असेल, त्यांच्यासाठी आजचा भाग आहे. जॅझ आणि फ्युजन शिकायला, मैफलीत वाजवायलासुद्धा, साध्या सॉलिड बॉडी गिटारवर काहीही अडत नाही. फक्त ती निवडताना नेहमीच्या रॉकवाल्या गिऱ्हाइकापेक्षा वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात.

सॉलिड बॉडी म्हणजे रॉक, हा समज इतिहासाला धरून नाही. ज्याच्या नावाची गिटार आज रॉकची खूण मानली जाते तो लेस पॉल स्वतः जॅझ वाजवायचा. १९४४ साली लॉस एंजेलिसला ‘जॅझ ॲट द फिलहार्मोनिक’ची पहिली मैफल झाली, तीत तो नॅट किंग कोलबरोबर होता. पोकळ गिटारचं दुखणं त्याला पक्कं ठाऊक होतं. ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला की त्या आवाजाने गिटारचं पोट थरथरतं, ते थरथरणं तारांत उतरतं, पिकअपमधून पुन्हा ॲम्प्लिफायरला जातं आणि घूं असा फीडबॅक सुरू होतो. भरीव लाकडात हे फार कमी होतं. फ्युजन तर या भरीव लाकडाशिवाय उभंच राहिलं नसतं. १९७१ मध्ये जॉन मॅक्लॉफ्लिनने महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढली. बिली कोबमचे ड्रम्स शेजारी गरजत असताना त्याने गिब्सनची दोन नेकांची सॉलिड गिटार हाती घेतली. रिटर्न टू फॉरेव्हर या बँडमध्ये अल डि मिओला लेस पॉलच घेऊन आला. आणि टेलीकास्टरचं म्हणाल तर माइक स्टर्न, बिल फ्रिझेल, आजच्या पिढीतला ज्युलियन लाज, यांच्या हातात तिने जॅझमधलं आपलं स्थान कधीच सिद्ध केलं आहे.

आता निवडीकडे. माझ्या मते पहिली पाहायची गोष्ट म्हणजे नेकजवळचा पिकअप. दुकानात सगळे ब्रिजजवळचा पिकअप लावून जोरात वाजवून पाहतात, आणि जॅझवाल्याचा नव्वद टक्के वेळ जातो नेकच्या पिकअपवर. तारेचा कंप ब्रिजजवळ अगदी लहान असतो, तिथे वरचे हार्मोनिक उठून येतात आणि आवाज धारदार होतो. मध्याकडे जावं तसा मूळ सूर जोर धरतो. म्हणून नेकचा पिकअप ब्रिजपासून जितका दूर, तितका आवाज गोल. यावरून एक गोष्ट निघते, जी दुकानदार सहसा सांगत नाहीत: २१ किंवा २२ फ्रेटची गिटार घ्या. २४ फ्रेटच्या गिटारमध्ये फिंगरबोर्ड लांबतो आणि नेकचा पिकअप ब्रिजकडे ढकलला जातो. दोन वरचे सूर मिळतात, पण ज्या आवाजासाठी आपण आलो तो थोडा पातळ होतो.

हा पिकअप सिंगल कॉइल असावा की हमबकर? हमबकर १९५५च्या सुमारास गिब्सनच्या सेथ लव्हरने तयार केला. दोन कॉइल उलट्या वेढ्यांच्या आणि उलट चुंबकीय दिशेच्या जोडल्या की तारांचा आवाज एकत्र होतो आणि विजेची घरघर एकमेकींना मारते. आपल्याकडे मुख्य विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा; सिंगल कॉइलमधून ती घरघर ऐकू येतेच, आणि खोलीत इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा पंखा किंवा डिमरचा दिवा असेल तर वर एक करकर चढते. जुन्या चाळीत, जुन्या वाड्यात प्लगला नीट अर्थिंग नसतं. तारांना हात लावला की आवाज थांबतो आणि काढला की सुरू होतो, असं होत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, मग गिटारला दोष द्या. बिकर्टने आपल्या टेलीकास्टरवर नेकजवळ हमबकर बसवून घेतला होता, स्टर्ननेही. तरी सिंगल कॉइलवर जॅझ होत नाही असं समजू नका. त्याचा आवाज जरा उघडा, बोलका असतो आणि कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

टोन नॉब ही जॅझवाल्याची खरी चावी. १० वरून ४ किंवा ५ वर आणला की वरची धार उतरते. स्वस्त गिटारमध्ये नेमका हाच नॉब फसवा निघतो: १० पासून ३ पर्यंत काहीच फरक नाही आणि मग एकदम घोंगडी पांघरल्यासारखा आवाज. दुकानात हा नॉब अगदी हळू, पूर्ण फिरवून पाहा. बाकी सगळं चांगलं असेल तर यावरून गिटार नाकारू नका. नॉबखालचं पोटेन्शिओमीटर नवं घेतलं तरी फार महाग नसतं आणि सोल्डरिंग येणारा कुणीही ते बदलून देतो.

लाकडाच्या चर्चेत मात्र वेळ घालवू नका. या किमतीत पॉपलर की अल्डर की पाइन यापेक्षा फ्रेट नीट घासलेत का, नट नीट कापलाय का, हे शंभरपटीने महत्त्वाचं आहे. लाकडापेक्षा वजन पाहा. साडेतीन किलोच्या वरची गिटार दोन तास गळ्यात अडकवून उभं राहिलं की खांदा बोलू लागतो.

आणि तारा. परवडणाऱ्या बहुतेक गिटार कारखान्यातून ०.००९ इंचांच्या पहिल्या तारेच्या सेटसह येतात. त्या सेटवर जॅझच्या कॉर्ड चिरक्या आणि पोकळ वाटतात, आणि नवशिक्याला वाटतं गिटारच वाईट. तिथे ०.०११ चा सेट लावा, तिसरी तार गुंडाळलेली, जमलं तर फ्लॅटवाउंड. फ्लॅटवाउंड तारांवर वरचं वेटोळं चपट्या पट्टीचं असतं. बोट सरकताना होणारी खरखर जाते, आवाज आपोआप काळसर होतो, आणि आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत या तारा पुष्कळ टिकतात. किंमत जास्त असली तरी वर्षभराचा हिशेब केला तर त्या महाग पडत नाहीत.

पण जाड तारा नुसत्या चढवून भागत नाही. ताण वाढला की नेक पुढे झुकते, नेकच्या आतला ट्रस रॉड थोडा आवळावा लागतो. जाड तार नटच्या खाचेत अडकते, मग सूर लावताना टक् असा आवाज येतो आणि सूर एकदम पुढे उडी मारतो. खाच रुंद करून घ्यावी लागते. तिसरी तार साधीची गुंडाळलेली झाली की तिचं ब्रिजवरचं सॅडल हलवून इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरचा सूरही बरोबर लागणं, पुन्हा जुळवावं लागतं. हे सगळं म्हणजे सेटअप. चांगल्या कारागिराकडून तो करून घेण्याचे पैसे गिटारच्या किमतीतच धरा.

इथे एक अडचण आहे आणि ती खास आपल्याकडची. ज्यांना फ्युजनमध्ये मींड घ्यायची आहे, तार ओढून दोन-दोन स्वर वर जायचं आहे, त्यांना गुंडाळलेली तिसरी तार दाद देणार नाही. अशांनी ०.०१० चा सेट, साधी तिसरी तार ठेवावी आणि आवाजातला गोलपणा टोन नॉबने आणि जाड, लहान पिकने मिळवावा. दोन्ही एका गिटारवर पूर्णपणे साधत नाही. आपण जास्त काय वाजवतो हे प्रामाणिकपणे ठरवा.

कुठली घ्यावी? नव्याने घेणाऱ्याला मी आधी यामाहाची पॅसिफिका ११२ सांगतो. अल्डरची बॉडी, २२ फ्रेट, नेकजवळ आणि मध्ये सिंगल कॉइल, ब्रिजजवळ हमबकर. नेकवर जॅझ, ब्रिजवर फ्युजनचे सोलो, आणि फ्रेटचं काम या किमतीला अपेक्षेपेक्षा नीटस. दोन हमबकर आणि स्थिर ब्रिजची १२०एच मिळाली तर जॅझसाठी ती आणखी सोयीची. केवळ जॅझ डोक्यात असेल तर स्क्वायरची टेलीकास्टर: ॲफिनिटी साधी, क्लासिक व्हाइब तिच्याहून सरस. एपिफोनची लेस पॉल आवाजाने उत्तम, वजनाने मात्र जड. उचलून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

टाळायचं ते फ्लॉइड रोज पद्धतीचं तरंगतं ट्रेमोलो. कॉर्ड वाजवताना तळहात त्यावर टेकला तरी सगळे सूर हलतात, एक तार ओढली की बाकीच्या उतरतात, आणि स्वस्त नकलांमध्ये त्याच्या धारा लवकर झिजतात. मेटलसाठी बनवलेले फार जोरकस पिकअपही नकोत. त्यांत बोटांचा हलका-भारी स्पर्श हरवतो, आणि जॅझमध्ये तोच तर ऐकायचा असतो.

दुकानात गेलात की ॲम्प्लिफायर क्लीन ठेवा, रिव्हर्ब बंद. नेकचा पिकअप, टोन ५ वर. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन अशा कॉर्ड हळू वाजवा आणि मधला सूर गिळला जातोय का ऐका. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून खणखणते का पाहा. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. फ्रेटची टोकं बोचत असतील तर फिंगरबोर्ड सुकून आकसला आहे, आणि ती टोकं घासून घ्यावी लागतील. शेवटी पंधराव्या फ्रेटच्या वर तिसरी तार ओढा. सूर मध्येच मेला तर अॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) किंवा फ्रेट यांत गडबड आहे. एकाच मॉडेलच्या दोन गिटार असतील तर दोन्ही वाजवा. त्यांत फरक असतो आणि तो हाताला लगेच कळतो.

जुनी गिटार मिळत असेल तर बिनदिक्कत पाहा, फक्त ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का आणि पहिल्या पाच फ्रेटवर खड्डे पडलेत का हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि हातात तीस हजार असतील तर तीसही हजार गिटारवर घालू नका. सेटअप, तारा आणि बरा ॲम्प्लिफायर यांच्यासाठी त्यातले निदान दहा बाजूला ठेवा. तो ॲम्प्लिफायर कुठला, हे पुढच्या आठवड्यात.