पंगु हात आणि आभासी जग

अर्धांगवायूच्या झटक्यांतून वांचलेला गृहस्थ इस्पितळांतून घरीं येतो, तेव्हां घरांतील मंडळींच्या मनांत एकच प्रश्न असतो : मांडीवर निर्जीव पडलेला हा हात पुन्हां उठेल काय ?

दुखावलेला असतो तो मेंदू, हात नव्हे. रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली, म्हणजे हाताला आज्ञा देणारा भाग निकामी होतो. परंतु एक वाट बुजली असतां उरलेल्या पेशी पुष्कळदां दुसरी वाट पाडूं शकतात. मात्र पाऊलवाट जशी नित्याच्या येण्याजाण्यानें पडते, तशीच ही वाटहि एकाच हालचालीच्या शेंकडों आवृत्त्यांनीं पडते. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडा येथील उपचारकेंद्रांच्या पाहणींत असें आढळलें कीं, हाताच्या उपयुक्त हालचालींचा सराव ज्या बैठकींत होई, तींतहि सरासरी अवघ्या ३२ आवृत्त्या होत. तेव्हां सराव वाढावा कसा, हा खरा प्रश्न आहे; आणि सरावाचा मोठा शत्रु म्हणजे कंटाळा.

येथें व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, उपयोगी पडतें. रोगी पडद्यासमोर बसतो, किंवा डोळ्यांवर चष्म्यासारखें यंत्र चढवितो. त्याचा हात हलला कीं चित्रांतील हातहि हलतो. त्या हातानें तो फळें तोडतो, चेंडू अडवितो. यश किंवा चूक तत्क्षणीं कळते आणि शक्तीप्रमाणें खेळ अवघड करतां येतो. विद्यार्थ्याला उत्तर लगेच तपासून मिळालें, म्हणजे तो पुढचें गणित आपण होऊन घेतो. तसेंच हें आहे.

पण मग हें यंत्र जुन्या उपायांहून श्रेष्ठ ठरतें काय ? कॅनडा, आर्जेंटिना, पेरू व थायलंड येथील १४१ रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींचे उपचार सर्वांनाच मिळत होते. त्यांशिवाय दोन आठवड्यांत तासातासाच्या दहा बैठकी ठरविल्या होत्या. त्यांत कांहींना पडद्यावरचे खेळ दिले, इतरांना पत्ते, डोमिनो, चेंडू असे साधे खेळ दिले. दोन्ही गटांची प्रगति जवळजवळ सारखीच झाली ! २०१७ सालीं ७२ प्रयोगांचा व २,४७० रोग्यांचा एकत्र विचार झाला. त्यांतूनहि हेंच दिसलें कीं, नेहमींच्या व्यायामाऐवजीं यंत्र दिल्यानें हाताला अधिक लाभ होत नाहीं. व्यायामाला जोड म्हणून दिल्यास मात्र होतो, कारण सरावाचा वेळ वाढतो.

म्हणून यंत्र परवडत नाहीं, यास्तव कोणत्याहि घरानें खिन्न होऊं नये. पत्त्यांचा जोड, मटाराच्या शेंगा, दोरीवर वाळत घालावयाचा रुमाल, हींहि सरावाचीं साधनेंच होत. व्यायाम तज्ज्ञाला विचारून ठरवावा, दुबळा हात धरून रोग्याला ओढूं नये आणि डोळ्यांवर यंत्र असतां जवळ कोणी तरी उभें असावें, कारण घेरी येण्याचा संभव असतो.

पंगु हाताला जाग येते ती चित्राच्या मोहिनीनें नव्हे, तर रोजच्या पुनरावृत्तीनें. आणि ती घडवून आणण्याचें धैर्य बहुधा शेजारीं बसून पत्ते वांटणाऱ्या माणसाकडूनच मिळतें.