तारांची लेखमाला : पावाना, अंगठा आणि तर्जनी

गेल्या आठवड्यात ल्यूटची जडणघडण पाहिली. आज त्यावर वाजणारा एक नाच ऐकू : मिलानच्या जोआन अंब्रोजो दाल्झाची 'पावाना आल्ला व्हेनेत्सियाना', म्हणजे व्हेनिसच्या धाटणीची पावाना. ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने ती १५०८ साली व्हेनिसमध्ये छापली. आज हाती असलेल्या छापील पावानांमध्ये सर्वांत जुन्या त्या दाल्झाच्याच.

पेत्रुच्चीने त्याआधी छापलेल्या ल्यूटच्या पुस्तकांत मुख्यतः गाण्यांची रूपांतरं होती. दाल्झाने मात्र नाच पुढे आणले, आणि मला त्याचं मोठेपण इथेच दिसतं. नाचाला एरवी शहनाईसारख्या वाद्यांचा ताफा लागे. तो सगळा भार इथे एकाच माणसाच्या दहा बोटांवर येतो, आणि वाद्य असं की तातीवरचा स्वर छेडला की लगेच विरू लागतो. मग ठेका धरायचा कोणी?

उत्तर छापील पानावरच आहे. पानावर सहा आडव्या रेघा, प्रत्येक रेघ म्हणजे एक तार किंवा जोडतार. सर्वांत वरची रेघ खर्जाची. रेघेवरचा आकडा पडद्याचा, शून्य म्हणजे मोकळी तार. लय दाखवणाऱ्या खुणा रेघांच्या वर. काही आकड्यांखाली मात्र एक बारीक टिंब असतं. टिंब असेल तर तर्जनीने वरच्या दिशेने छेडायचं. एकेरी सुरांत टिंब नसेल तर अंगठ्याने खाली. अंगठा वजनदार, तर्जनी हलकी. पळत्या सुरांत ही दोन बोटं आलटून-पालटून चालली की जड-हलकं, जड-हलकं असा झोल आपोआप येतो. पूर्वी वादक पिसाच्या नखीने खाली-वर छेडत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बोटांनी वाजवणं रुळलं, तरी ती खाली-वरची चाल हातात टिकली. सगळे सूर सारख्या जोराने वाजवणारे वादक आजही भेटतात. त्यांची पावाना मला नाच वाटत नाही.

पावाना एकटी येत नाही. तिच्यामागून साल्तारेल्लो, त्यामागून पीवा. पावाना संथ, दोन-दोनच्या चालीची. साल्तारेल्लो तिनाच्या झुलीत. पीवा त्याहून चपळ. बड्या ख्यालानंतर छोटा ख्याल यावा तशी ही चढती लय. पण तिथे बंदिश बदलते, इथे पावानेतल्याच सुरावटींचे धागे पुढच्या दोन्ही नाचांत पुष्कळदा सापडतात. नाचांची अशी एकत्र माळ पुढे युरोपीय संगीतात फार मोठी झाली.

पेत्रुच्चीने ही पुस्तकं फक्त पंडितांसाठी काढली नव्हती. ज्यांना स्वरलिपी वाचून गाता येत नाही, त्यांच्यासाठी सुरुवातीलाच आकडे वाचण्याचे नियम दिले होते. घरी ल्यूट असलेला कोणीही नियम वाचून नाच वाजवू शकत होता.

पुढच्या आठवड्यात इंग्लंडमध्ये जाऊ. तिथे जॉन डाउलंडच्या 'लाक्रिमे'मध्ये हीच पावाना नाचणाऱ्यांसाठी उरली नाही, ती ऐकण्यासाठी झाली.