लिमा: कुडाने सावरलेली राजधानी
फ्रान्सिस्को पिझारोने 1535 साली रिमाक नदीकाठी वसवलेल्या लिमाचे रस्ते स्पॅनिश रिवाजानुसार बुद्धिबळाच्या पटासारखे आखले गेले. परंतु 28 ऑक्टोबर 1746 च्या भूकंपात शहर जमीनदोस्त झाल्यावर फ्रेंच शास्त्रज्ञ लुई गोदँ यांनी रुंद रस्ते व ठेंगणी घरे सुचवली, आणि वरच्या मजल्यांना कच्च्या विटांऐवजी ‘किंचा’, म्हणजे लाकडी चौकटीत बोरू विणून मातीने लिंपलेली भिंत, रूढ झाली. कोकणातल्या कुडाची ही सख्खी बहीणच, हलकी आणि हादऱ्यासरशी लवणारी. कॅथेड्रलमध्ये पर्यटक माना उंचावून पाहतात ते दगडी भासणारे छतही वस्तुतः लाकूड-गिलाव्याचे आहे. जुने शहर 1991 मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झाले, तरी गळके नळ आणि वाळवी किंचाला आतून पोखरतात.