'मासा', 'मास' आणि 'मछली'

दापोली तालुक्यातील मुरुड हे समुद्रकाठचे गाव. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव तेथून जवळच. अशा परिसरात 'मासा' आणि 'मास' (मांस) हे शब्द नित्य शेजारी येतात आणि त्यांचे मूळ एकच असावे, असे ऐकणाऱ्यास सहज वाटते. वस्तुतः पहिला शब्द संस्कृत 'मत्स्य', प्राकृत 'मच्छ' यांवरून आला. दुसरा 'मांस' या शब्दातील अनुस्वार लोपून झाला. सामान्यरूपात हा भेद स्पष्ट होतो: 'माशाचा तुकडा', पण 'मासाचा तुकडा'. (अनेकवचनी 'माशांचा' हे रूप मात्र मत्स्य व मक्षिका या दोहोंस समान आहे, तेथे संदर्भावरच भिस्त.) टर्नर यांच्या तौलनिक कोशातही 'मत्स्य' व 'मांस' या नोंदी अर्थातच पृथक् आहेत.

हिंदी-उर्दूतील 'मछली'ची गोष्ट निराळी. त्याच 'मच्छ'ला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून हा शब्द झाला. तो दंडाच्या व पोटरीच्या स्नायूसही लावतात. आणि उर्दूभाषक खाटकांच्या धंद्यात मोठ्या जनावराच्या पायातील, टोकांकडे निमुळत्या होत गेलेल्या मांसखंडाचेही तेच नाव आहे. येथे योगायोग नाही, आकारसादृश्यावर आधारलेली लक्षणा आहे. फ्रेंच खाटीकही गाईबैलांच्या मांडीतील एका लांबट खंडास 'मेर्लां' या माशाचे नाव देतात. लॅटिन 'मुस्कुलुस' म्हणजे मुळात छोटा उंदीर. त्याचेच पुढे स्नायू, शिंपला आणि, प्लिनीच्या ग्रंथात, देवमाशाला वाट दाखविणारा एक लहान जलचर असेही अर्थ झाले.

मराठीने स्नायूसाठी मासा घेतला नाही, बेडूक घेतला. दंड वळविला की वर येते ती 'बेटकुळी', म्हणजे बेडकुळी. माझ्या मते, हा शब्द खाटकाच्या फळीवर न जाण्याचे कारण या प्रतिमेतच आहे. माशाचे साम्य आकाराचे असल्याने ते कापलेल्या मांसातही टिकते. बेडकाचे साम्य उसळीचे, ते जिवंत दंडातच दिसणार. माशाचा आकार मराठीने वापरला तो अलंकारात: पायाच्या बोटातील 'मासोळी' त्यावरूनच आली.

कोशकाराने म्हणूनच 'मछली'चे तिन्ही अर्थ एकाच नोंदीत, क्रमाने द्यावेत. 'मास' व 'मासा' यांना मात्र, ध्वनी कितीही जवळ असले तरी, एका नोंदीत आणू नये.